एकाच तळ्यातली कोळंबी लहान-मोठी का निघते?

पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात व्हॅनामीच्या, म्हणजे तळ्यात वाढवलेल्या कोळंबीच्या, दोन पाट्या शेजारी शेजारी दिसतात. एकीतली कोळंबी अंगठ्याएवढी, दुसरीतली करंगळीएवढी, आणि दरात चांगलाच फरक. गिऱ्हाईक समजतं, छोटी लवकर पकडली असेल. कधी ते खरंही असतं. पण दोन्ही पाट्यांतला माल एकाच दिवशी तळ्यात सोडलेला, एकच खाद्य खाल्लेला आणि एकाच दिवशी जाळ्यात आलेला असू शकतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हा ही कोळंबी एकदम बातम्यांत आली. भारतातून वर्षाला सात लाख टनांहून जास्त गोठवलेली कोळंबी बाहेर जाते आणि तिचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका आहे. भाव आपल्या हातात नसला की शेतकरी वजनाकडे वळतो: तेवढ्याच खाद्यात जास्त किलो कसे निघतील? मग ‘जेनेटिक्स’, ‘गट हेल्थ’ (आतड्याचं आरोग्य), ‘मायक्रोबायोम’ (आतड्यातली जिवाणूंची वस्ती) हे शब्द व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात आणि त्यांच्या मागोमाग प्रोबायोटिकचे, म्हणजे उपयोगी जिवाणूंचे, पुडे विकणारे येतात. पुण्यात बसून पालघर-रायगडकडच्या तळ्यांत पैसे घातलेले ओळखीतले दोघे-तिघे मला सारखं विचारतात, की वाढ नक्की कशावर ठरते? आईबापावर की पोटातल्या जिवाणूंवर? उत्तर एका ओळीचं नाही. पण अवघडही नाही.

काउंटचा हिशेब

या धंद्यात आकार ‘काउंट’मध्ये सांगतात, म्हणजे एका किलोत किती नग बसतात ते. ३० काउंटचा नग साधारण ३३ ग्रॅमचा, ५० काउंटचा २० ग्रॅमचा, १०० काउंटचा १० ग्रॅमचा. आकडा लहान तितकी कोळंबी मोठी आणि किलोचा दर चढा. त्यामुळे वाढ खुंटली की मार दोन्हीकडून बसतो. समजा तळ्यातून ८०,००० नग निघाले. ते २० ग्रॅमचे असतील तर माल १,६०० किलो. १० ग्रॅमचे असतील तर ८०० किलो, शिवाय त्या ८०० किलोला दरही पडता. पाण्यात हवा मिसळणाऱ्या एअरेटरची वीज, मजुरी, बियाण्याचा (म्हणजे तळ्यात सोडायच्या पिल्लांचा) खर्च यात काहीच कमी होत नाही.

कोळंबी रोज थोडी थोडी वाढत नाही. अंगावर कडक कवच असल्यामुळे आत वाढायला जागाच नसते. ती कात टाकते, मऊ असतानाच पाणी शोषून फुगते, नवं कवच कडक होतं, आणि पुढच्या कातेपर्यंत ती त्या मापात मांस भरत राहते. लहानपणी काती भराभर पडतात, पुढे अंतर वाढत जातं. एखादीची एक कात हुकली, उशिरा पडली किंवा त्या मऊ अवस्थेत दुसरीने तिचा लचका तोडला, तर ती मागे पडते ती पडतेच. शंभर-सव्वाशे दिवसांच्या पिकात ही तूट भरून काढायला वेळ कुठे असतो?

आणखी एक साधी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. व्हॅनामीत माद्या नरांपेक्षा मोठ्या होतात. म्हणजे तळ्यातला थोडा फरक जन्मापासूनच ठरलेला असतो. (गोड्या पाण्यातल्या स्कॅम्पीत नेमकं उलटं, तिथे नर मोठे.)

समुद्रातून पकडलेली आई, हॅचरीत वाढलेली आई

१९९० च्या दशकात आपल्याकडे टायगर कोळंबीची लाट होती. तिच्या अंडी घालणाऱ्या माद्या समुद्रातून पकडून आणायच्या. कोणती आई कशी निघेल, तिच्या अंगात कोणता रोग असेल, याचा काही भरवसा नसे. मग पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला आणि तळीच्या तळी बसली. २००९ मध्ये सरकारने व्हॅनामीला परवानगी दिली. ही मूळची इथली नाही. मेक्सिको ते पेरू या पॅसिफिक किनाऱ्यावरची. तिचं वैशिष्ट्य असं, की अमेरिकेत, त्यातही हवाईत, तिच्यावर पिढ्यान् पिढ्या निवडीचं काम झालेलं होतं. आपल्या हॅचऱ्या असे आईबाप परदेशातून आणतात. ते चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून तपासून पुढे जातात आणि त्यांचं बी प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून तळ्यांपर्यंत पोचतं.

यात ‘एसपीएफ’ हा शब्द सतत येतो. त्याचा अर्थ इतकाच, की ठरावीक यादीतले रोगजंतू या प्राण्यांत नाहीत. तो आरोग्याचा दाखला आहे. ती कोळंबी चपळ वाढेल किंवा रोगाला दाद देणार नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तळ्यात उतरल्यावर तर तो दाखलाही संपला. ‘एसपीएफ सीड होतं तरी वाढलं नाही’ ही तक्रार म्हणून चुकीच्या खिडकीवर होते.

निवडीने काय होतं हे समजून घ्यायला पुणेकरांना कोंबडीइतकं जवळचं उदाहरण नाही. डॉ. बी. व्ही. राव यांनी उभा केलेला वेंकटेश्वरा हॅचरीजचा समूह इथलाच, अंड्यांच्या जाहिराती करणारी एनईसीसीही इथलीच. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ आणि १९७८ सालच्या जातीच्या कोंबड्या जपून ठेवल्या होत्या. त्यांनी त्या आणि २००५ ची ब्रॉयलर अशा तिन्ही एकत्र, एकाच खाद्यावर वाढवल्या. ५६ व्या दिवशी वजनं भरली अनुक्रमे सुमारे ९०० ग्रॅम, १,८०० ग्रॅम आणि ४,२०० ग्रॅम. खाद्य एक, शेड एक, हवा एक. फरक फक्त आईबापांचा. ‘इंजेक्शन देऊन फुगवतात’ म्हणणाऱ्यांना मी हाच आकडा सांगतो.

कोळंबी याच वाटेवर आहे, फक्त बरीच मागे. हवाईत वाढीसाठी निवडलेल्या व्हॅनामीच्या ओळीने (म्हणजे वंशाने) एका पिढीतच बिगरनिवड कोळंबीपेक्षा सुमारे २१ टक्के जास्त वजन दिल्याचं २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. दर पिढीला एवढी उडी पडत नाही, पण पिढी वर्षभरात फिरते आणि एक मादी एका वेळी लाखाच्या घरात अंडी घालते. निवडीला यापेक्षा सोयीचा प्राणी शोधावा लागेल.

त्याच कामातली दुसरी बाजू मात्र विक्रेते सांगत नाहीत. टॉरा या विषाणूला तोंड देण्यासाठी जी ओळ निवडली, ती जास्त जगली, पण वजनात थोडी मागे राहिली. शरीराकडे येणारी शक्ती ठरावीक असते. ती मांसात घालायची की रोगाशी लढण्यात, हा हिशेब प्राण्यालाही चुकत नाही. आज ‘वेगवान’ आणि ‘टिकाऊ’ अशा वेगवेगळ्या ओळींचं बी मिळतं ते यामुळेच.

वाढीचं एखादं ‘जनुक’ सापडलं, अशी बातमी वाचली तर जरा दमाने घ्या. २०१९ मध्ये व्हॅनामीचा जनुकसंच उलगडला. ४४ गुणसूत्रजोड्या, २५ हजारांवर जनुकं, आणि जवळपास पाव भाग त्याच त्या छोट्या अक्षरांच्या पुनरावृत्तीने भरलेला, त्यामुळे जुळवायला महाकठीण. वाढ या संचात शेकडो ठिकाणी थोडी थोडी विखुरलेली आहे. एक बटण दाबून मोठी होणारी कोळंबी त्यात नाही.

‘३० टक्के आनुवंशिक’ म्हणजे काय?

कोळंबीच्या वजनाची अनुवंशिता साधारण ०.२ ते ०.५ च्या दरम्यान असल्याचं बहुतेक अभ्यास सांगतात. सोयीसाठी ०.३ धरू. याचा अर्थ २० ग्रॅमच्या कोळंबीतले ६ ग्रॅम आईबापाने दिले, असा लावला जातो. तो साफ चुकीचा आहे. एका कोळंबीच्या वजनाचे असे तुकडे पडतच नाहीत. आईबाप काढून टाकले तर कोळंबीच उरत नाही.

०.३ हा आकडा *फरकांबद्दल* आहे. तळ्यात कुणी १२ ग्रॅमची, कुणी २४ ग्रॅमची. या चढउतारापैकी साधारण ३० टक्के भाग आईबापांकडून आलेल्या, पुढच्या पिढीला जाणाऱ्या फरकांमुळे आहे. उरलेला भाग बाकी सगळ्यामुळे: जागा, प्राणवायू, खाद्य कुणाला आधी मिळालं, रोग, पोटातले जिवाणू, मोजमापातल्या चुका. हा आकडा तळ्यागणिक बदलतो. सगळ्यांना अगदी सारखी परिस्थिती दिली तर उरलेल्या फरकात आईबापांचा वाटा फुगतो. तळ गाळाने भरला, कोपऱ्याकोपऱ्यात प्राणवायू वेगळा झाला, की तोच वाटा आक्रसतो. जनुकं दोन्ही वेळेस तीच.

म्हणजे ‘उरलेले ७० टक्के जिवाणूंचे’ असं छापणाऱ्या पत्रकाला विचारा, मग बाकीच्या सगळ्या गोष्टी कुठे गेल्या?

पोटात कोण राहतं

उन्हाळी पिकाच्या वेळी पालघरकडच्या एका तळ्यावर गेलो होतो. तिथल्या व्यवस्थापकाने चेक ट्रे वर ओढला. चेक ट्रे म्हणजे तळाशी सोडलेली जाळीची थाळी. खाद्य किती खाल्लं ते तिच्यावरून कळतं. त्याने एक कोळंबी चिमटीत धरून उन्हाकडे केली. पारदर्शक अंगातून पाठीवरून शेपटीकडे गेलेली तपकिरी रेघ सलग दिसत होती. “ही जेवलेली आहे. आता ही बघा,” म्हणून दुसरी धरली. रेघ मध्येमध्ये तुटलेली, डोक्यामागची ग्रंथी फिकट. “एकाच पिशवीतलं बी आहे साहेब. ती सात ग्रॅमची, ही चारसुद्धा भरणार नाही.”

ती रेघ म्हणजे आतडं. कोळंबी सोलताना आपण जो काळा धागा ओढून काढतो, तोच. डोक्यामागची ग्रंथी यकृत आणि स्वादुपिंड या दोघांचं काम एकटी करते. पुढे तिला नुसती ग्रंथी म्हणू. ही पचननळी सरळ आणि आखूड. खाल्लेलं काही तासांत बाहेर पडतं. नळीच्या पुढच्या आणि शेवटच्या भागाला आतून कवचाचंच पातळ अस्तर असतं आणि कात टाकली की ते अस्तरही जातं. तिथल्या जिवाणूंचा संसार म्हणजे दर कातेला बिऱ्हाड मोडणारा. माणसाच्या आतड्यातली वस्ती वर्षानुवर्षं बरीचशी तीच राहते, तसं इथे नाही.

शिवाय कोळंबी ज्या पाण्यात विष्ठा टाकते त्याच पाण्यात खाते आणि श्वास घेते. तळाच्या गाळात तोंड घालणं हा तर तिचा स्वभाव. म्हणून तिच्या आतड्यातले जिवाणू पाण्यातल्या आणि गाळातल्या जिवाणूंशी मिळतेजुळते असतात, तरी हुबेहूब तेच नसतात. शरीर काहींना थारा देतं, काहींना हाकलतं. हे जिवाणू फुकट राहत नाहीत. काही पिष्टमय पदार्थ, प्रथिनं आणि कायटिन फोडणारी विकरं बनवतात, काही जीवनसत्त्वं पुरवतात, काहींनी सोडलेल्या आम्लांवर आतड्याच्या पेशी पोसतात. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे जागा अडवून ठेवणं. जागा अडलेली असली की नको त्याला पाय ठेवायला मिळत नाही.

या शेवटच्या कामाला कोळंबीत जास्तच मोल आहे. तिच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडं बनत नाहीत. कोंबडीला लस टोचता येते, पिल्लू रोग ‘लक्षात’ ठेवतं. कोळंबीला त्या अर्थाने लसच नाही. तिच्याकडे आहे ती जन्मजात, ढोबळ प्रतिकारशक्ती, आणि पोटात आधीपासून बसलेले भाडेकरू.

पहिला कोण शिरला

अंड्यातून निघालेलं कोळंबीचं पिल्लू पहिले दीड-दोन दिवस काही खात नाही. बरोबर आणलेल्या शिदोरीवर राहतं. पुढच्या अवस्थेत तोंड उघडतं तेव्हा त्याच्यासमोर सूक्ष्म शेवाळ, मग आर्टेमिया नावाचे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव. यांच्याबरोबर जे जिवाणू आले, ते त्या रिकाम्या आतड्यातले पहिले रहिवासी. हॅचरीतलं पाणी निर्जंतुक केलेलं, पिल्लंही धुऊन घेतलेली. निसर्गात जी सरमिसळ मिळाली असती ती इथे मिळत नाही.

कोंबडीत हाच घोळ आधी झालेला आहे. यंत्रात उबवलेलं पिल्लू आईच्या विष्ठेला कधी भेटतच नाही. १९७० च्या सुमारास फिनलंडमध्ये ब्रॉयलरमध्ये साल्मोनेला माजला. तिथल्या नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना पहिल्याच दिवशी पाजले तर साल्मोनेलाला सहजासहजी शिरता येत नाही. नंतर पाजून तेवढा उपयोग नाही.

तळ्याला हेच लागू पडतं. पीक घेण्याआधी ब्लीचिंग पावडर टाकून पाणी मारायची पद्धत आहे. रोगवाहक खेकडे, मासे, विषाणू यांच्यासाठी ती गरजेची आहे. पण त्याने साधे, संथ वाढणारे जिवाणूही जातात. मग मोकळ्या पाण्यात खाद्य पडलं की सर्वांत आधी कोण माजतं? भराभर दुप्पट होणारे. त्यांत व्हिब्रिओ हे घराणं आघाडीवर. २०१४ मध्ये बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी पिकाच्या सुरुवातीलाच कोळंबी मारणाऱ्या ‘मरतुकीच्या रोगा’बद्दल हाच मुद्दा मांडला: अति निर्जंतुकीकरण करून आपणच शत्रूला मैदान मोकळं करून देतोय. निर्जंतुक केलेलं पाणी काही दिवस मुरू द्यावं, त्यात संथ जिवाणूंची वस्ती बसू द्यावी, मग बी सोडावं, हा त्यावरचा बिनखर्ची उपाय. आपल्याकडे तो का रुजत नाही? तळं रिकामं ठेवायचं म्हणजे भाड्याचे दिवस वाया. उत्तर शास्त्राचं नाही, भाडेपट्टीचं आहे.

मोठ्या कोळंबीचे जिवाणू वेगळे. मग तेच कारण ना?

इथे खरी गफलत होते, म्हणून जरा थांबून बघू. गेल्या दशकभरात अनेक ठिकाणी एकाच तळ्यातल्या मोठ्या आणि खुरटलेल्या कोळंब्यांची आतडी तपासली गेली. पद्धत अशी, की आतड्यातल्या सगळ्या जिवाणूंचा डीएनए एकत्र काढायचा, त्यातला ओळखपत्रासारखा एक तुकडा वाचायचा आणि कोण किती आहे याची यादी करायची. दोन्ही गटांच्या याद्या वेगळ्या निघतात. बातमी छापून येते, ‘जिवाणूंमुळे वाढते कोळंबी’.

पण यादी वेगळी असण्याची आणखीही कारणं असू शकतात. खुरटलेली कमी खाते. कमी खाणाऱ्या आतड्यात राहणारे जिवाणू वेगळेच असणार. मोठी थाळीवरचं ताजं खाद्य पळवते, छोटी गाळ चिवडते. मग छोटीच्या पोटात गाळातले जिवाणू सापडले तर नवल कसलं? किंवा दोन्हींच्या मुळाशी तिसरंच काही असेल, म्हणजे ग्रंथीत बसलेला रोग. एका दिवशी काढलेल्या यादीवरून आधी काय झालं हे कळत नाही.

ते कळायला तीन प्रकारचे प्रयोग लागतात. पहिला, वजनात फरक पडायच्या *आधीच* जिवाणू मोजायचे आणि पुढे कोण मोठं होतं ते बघायचं. दुसरा, वेगवान आणि संथ कुटुंबातली पिल्लं खुणा करून एकाच टाकीत, एकाच पाण्यात वाढवायची. तरीही त्यांची आतडी वेगळी निघाली तर पाण्याला दोष देता येत नाही, शरीरच निवड करतंय असं म्हणावं लागतं. तिसरा सर्वांत कडक: एकाचे जिवाणू दुसऱ्यात घालून वाढ हलते का ते पाहायचं. त्यासाठी शक्यतो जिवाणूविरहित प्राणी हवा. आर्टेमियात ते बऱ्यापैकी जमलंय आणि गेंटच्या प्रयोगशाळेने त्यावर बरंच काम केलंय. तळ्यातल्या मोठ्या कोळंबीत ते फार अवघड.

माझं मत असं, की सध्याचे पुरावे ‘दोघांचा एकमेकांवर परिणाम होतो’ एवढं नक्की सांगतात. शरीराची ठेवण, पाचक रस, प्रतिकाराची प्रथिनं ही आईबापांकडून येतात आणि कोणत्या जिवाणूला थारा मिळेल हे काही अंशी ठरवतात. जिवाणू उलट पचनावर आणि प्रतिकारावर परिणाम करतात. ‘अमुक जिवाणू वाढवा, अमुक टक्के वजन वाढेल’ इथपर्यंत मात्र गाडी आलेली नाही. तसं सांगणारा विकायला आलेला असतो.

यातून एक गोष्ट निघते जी बियाणं घेताना कामाची आहे. हवाईच्या स्वच्छ, रोगमुक्त पाण्यात पहिलं आलेलं कुटुंब आपल्या गाळाच्या, चार पिकं घेऊन थकलेल्या तळ्यात पहिलं येईलच असं नाही. निवड जिथे झाली तिथल्या परिस्थितीसाठी झाली. सर्वांत वेगवान ओळ घाणेरड्या तळ्यात घालणं हे पैसे घालवण्याचं खात्रीचं साधन आहे.

न मारणारा चोर

जिवाणू आणि जनुकं या वादात ज्याचं नाव विसरलं जातं तो ईएचपी. हा जिवाणू नाही, विषाणूही नाही. बुरशीच्या भाऊबंदातला एक अतिसूक्ष्म परजीवी. २००९ मध्ये थायलंडमध्ये टायगर कोळंबीवरून त्याचं रीतसर वर्णन झालं आणि आज तो भारतातल्या व्हॅनामी तळ्यांचं मोठं दुखणं आहे. तो ग्रंथीच्या पेशींत शिरतो आणि त्यांची ऊर्जा स्वतःकडे वळवतो. कोळंबी मरत नाही. खाते, पोहते, वाढत मात्र नाही. सगळ्यांना सारखाच लागत नसल्याने तळ्यात लहान-मोठ्याची दरी वाढत जाते. वरून बघणाऱ्याला वाटतं, बी खराब होतं किंवा ‘गट’ बिघडलं.

तो मोडायला भारी औषध नाही, शिस्त आहे. आयात आईबापांना खाऊ घातलेल्या जिवंत समुद्री किड्यांतूनही तो शिरतो, म्हणून ते किडे गोठवून द्यावेत. बी घेताना पीसीआर, म्हणजे रोगजंतूचा डीएनए शोधणारी, तपासणी करावी. पिकानंतर तळं वाळवावं आणि हेक्टरी सहा टनांच्या हिशेबाने कळीचा चुना मातीत नांगरून घालावा, म्हणजे त्याचे बीजाणू मरतात. सहा टन हा आकडा ऐकून लोक नाक मुरडतात आणि त्याच्या दहाव्या भागावर काम भागवतात. मग चुना गेला वाया.

“प्रोबायोटिकचा पुडा घालू का?”

घाला, पण काय घालताय ते बघून. पुड्यात बहुधा बॅसिलस जातीचे जिवाणू असतात, बीजाणूच्या रूपात, म्हणून ते टिकतात. त्यांतले बहुतेक कोळंबीच्या आतड्यात कायम मुक्काम करत नाहीत. पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. त्यांचा पुष्कळसा फायदा पोटाबाहेरच होतो, तळावरचं उरलंसुरलं खाद्य कुजवून पाणी सुधारण्यात. तो फायदा खराच आहे. पण चौरस मीटरमागे ६० पिल्लांची मर्यादा ओलांडून बी सोडायचं, एअरेटर वाचवायचे आणि मग पुड्याकडून चमत्कार मागायचा, हे चालणार नाही.

दुसरं, पुड्यावर नुसतं ‘बॅसिलस सबटिलिस’ लिहिलेलं असेल तर त्यातून फार कळत नाही. एकाच जातीच्या दोन वाणांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आपल्या पुण्यातलं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह हेच काम करतात: प्रत्येक वाणाला क्रमांक देऊन जपून ठेवणं, म्हणजे तोच वाण पुन्हा तपासता येतो. पुड्यावर वाणाचा क्रमांक आहे का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

हाच धडा प्रयोगशाळेतल्या ताटलीतून मिळतो. शेतकरी पाणी तपासायला देतात, तेव्हा एका हिरव्या माध्यमावर व्हिब्रिओ वाढवतात. पिवळे ठिपके आले तर सुस्कारा, हिरवे आले तर धाबं दणाणतं. हिरवा रंग म्हणजे त्या जिवाणूला साखर आंबवता आली नाही, इतकंच. मरतुकीच्या रोगाला लागणारं विष एका सुट्या डीएनए-कड्यावर असतं. ते कडं असलेला आणि नसलेला, दोन्ही ठिपके हिरवेच. संशय घ्यायला रंग ठीक, निकाल द्यायला नाही.

“त्यापेक्षा अँटिबायोटिकच बरं”

अजिबात नाही. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांवर बंदी आहे आणि अंश सापडला तर खेप परत येते. २०१६ मध्ये युरोपीय संघाने भारतीय शेतीतल्या कोळंबीच्या खेपांची तपासणी १० वरून ५० टक्क्यांवर नेली, ती या कारणाने. वर, औषधाने जागा अडवून बसलेले जिवाणू आधी मरतात आणि रिकाम्या जागेत औषधाला सरावलेला व्हिब्रिओ येतो. ईएचपीवर तर त्याचा परिणामच होत नाही.

“हे सगळं ऐकून खाऊ की नको?”

खा. बाजारातली व्हॅनामी जनुक बदललेली नाही. निवडून वाढवलेली आहे, हापूससारखी किंवा ब्रॉयलरसारखी. कोळंबीला मारणारं व्हिब्रिओचं विष आणि माणसाचं पोट बिघडवणारं विष ही वेगळी आहेत, ईएचपी माणसाला होत नाही. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली कोळंबी मात्र टाळा, धागा काढा आणि नीट शिजवा. समुद्रातल्या कोळंबीलाही हेच लागू.

आणि ज्यांनी तळ्यात पैसे घातलेत त्यांनी पुढचं पीक धरण्याआधी भागीदाराला चार गोष्टी विचाराव्यात. बी कोणत्या ओळीचं, वेगवान की टिकाऊ? बियाण्याचा ईएचपीचा पीसीआर अहवाल कुठे आहे? गेल्या पिकानंतर तळ किती दिवस वाळवला आणि चुना किती घातला? ब्लीचिंगनंतर बी किती दिवसांनी सोडणार? पुड्याचं नाव त्यानंतर.